वैनगंगा टॉवरमधला हिवाळा

माणूस "गरम होऊन राहिलं" म्हणतो तेव्हा त्याला गरमच होत असतं, असं समजणाऱ्याने इमारतीच्या देखभालीचं काम घेऊ नये. नागपूरच्या वैनगंगा टॉवरमध्ये प्रांजली ढोमणेने ही गोष्ट पहिल्याच उन्हाळ्यात ओळखली. तळमजल्यावरच्या साडीच्या शोरूमवाल्या सोनल टावरींना गिऱ्हाईक साडी न घेता उठलं की गरम व्हायचं. आठव्या मजल्यावर क्लास चालवणाऱ्या झाडेसरांना एखाद्या हुशार पोराने शंका विचारली की गरम व्हायचं. आणि नवव्या मजल्यावर विम्याचं ऑफिस असलेल्या सुमेध वासनिकला रोज चार वाजता, नेमकं चहाच्या वेळेला, गरम व्हायचं.

तक्रार आली की प्रांजली पाना घेऊन वर जायची. छतातल्या पाइपात अडकलेली हवा सोडायची. ती फुस्स करून निघाली की तक्रारदाराचा निम्मा राग तिच्याबरोबर निघून जायचा. उरलेल्या निम्म्यासाठी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर थंडी कमी-जास्त करायची एक गोल चावी होती. ती दोन खुणा डावीकडे फिरवून प्रांजली म्हणायची, "दहा मिनिटं द्या." दहा मिनिटांनी माणूस म्हणायचा, "आता कसं बरं वाटून राहिलं."

त्या चावीला मागे वायर नव्हती. ती कशालाच जोडलेली नव्हती. ही या धंद्यातली जुनी रीत आहे. माणसाला फिरवायला काहीतरी द्यावं, म्हणजे तो यंत्राला त्रास देत नाही.

इमारतीचं खरं दुकान तळघरात होतं. तिथे बर्फ होता. नागपूरचा मे आता अठ्ठेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसायचा आणि दिवसाची वीज परवडायची नाही. म्हणून रात्री स्वस्त विजेवर मोठाल्या टाक्यांत बर्फ करून ठेवायचा आणि दिवसभर तो वितळवत चौदा मजले गार ठेवायचे, अशी सोय केलेली. बर्फ करायचा तर टाकीतल्या नळ्यांमधून शून्याच्याही खाली गेलेलं काहीतरी फिरवायला हवं. साधं पाणी फिरवलं तर ते नळ्यांतच गोठेल आणि नळ्या फोडेल. म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळायचं. तीन भाग पाणी, एक भाग ग्लायकॉल. कमी पडलं तर मिश्रण गोठतं. जास्त झालं तर ते घट्ट होतं, पंप धापा टाकतो आणि थंडी वर न्यायला कुचराई करतो.

हे प्रमाण राखणं प्रांजलीकडे होतं. दर सोमवारी ती प्रमाण तपासायच्या, दुर्बिणीसारख्या नळीच्या तोंडाच्या काचेवर मिश्रणाचा थेंब ठेवायची, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायची, आणि आत निळा रंग संपून पांढरा जिथे सुरू होई तो आकडा वाचायची. डोळा लहानपणीच तयार झालेला. वडिलांची नागपुरातच, महाल भागात डेअरी होती. दुधात पाणी आहे का ते पाहायला ते लॅक्टोमीटर सोडायचे तेव्हा ही शेजारी उभी असायची.

आता सुमेध वासनिक. या माणसाला मुळात थंडी सोसत नसे. मे महिन्यातही त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हाफ स्वेटर असायचा. असा माणूस रोज चार वाजता गरमीची तक्रार करतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, ही मोठ्या इमारतीची कृपा. तक्रार केली की प्रांजली यायची, हवा सोडायची, चावी फिरवायची, मग दोन कप चहा व्हायचा. त्याचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं लग्न, वडील आणि डेअरी सांभाळता सांभाळता, राहूनच गेलं होतं. बोलणं पंपाच्या बेअरिंगवर आणि पॉलिसीच्या हप्त्यांवर चालायचं. बेअरिंगबद्दल कोणी इतकं मन लावून ऐकतं, तेव्हा त्याला बेअरिंगमध्ये रस असतोच असं नाही.

त्या एप्रिलमध्ये इमारतीने ग्लायकॉल बदललं. नवं ग्लायकॉल जाणतं होतं.

त्यात डोळ्यांना न दिसणारे मेणाचे कण सोडलेले होते. प्रत्येक कणाला एक कवच. कण जितकी उष्णता पिईल तितका कवचाचा रंग सरकायचा. प्रत्येक खोलीतून परतणाऱ्या पाइपावर एक बारीक दिवा आणि एक इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला होता, तो हा रंग वाचायचा. मिश्रण पुन्हा बर्फाच्या टाकीतून फिरलं की रंग मूळपदावर. म्हणजे कोणत्या खोलीने किती उष्णता दिली, याचा हिशेब पक्का. स्वस्थ बसलेला माणूस जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी ऊब सोडतो. तेव्हा ऊन आणि काँप्युटर वजा करून जी उष्णता उरे, तिला शंभराने भागून यंत्र त्या खोलीतली माणसं ठरवायचं आणि माणसांच्या प्रमाणात थंडी वाटायचं. कॅमेरा नको, कार्ड नको. या यंत्राला सगळे मुनीम म्हणू लागले. मुनीम हुशार होता, पण एका बाबतीत भोळा होता. त्याच्या लेखी उष्णता म्हणजे माणूस.

तक्रारी आता फोनवरून मुनीमकडे जायच्या. खोली खरंच तापली असेल तर तो आधी तिचा व्हॉल्व्ह उघडणार. व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही भागलं नाही, तरच माणूस पाठवणार. माणूस म्हणजे प्रांजली. मुनीमने पाठवल्याशिवाय तिने कोणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असंही ठरलं. भिंतीवरच्या चाव्या काढून टाकल्या.

पहिल्या दिवशी सोनल टावरींनी सवयीने तक्रार केली. मुनीमने अदबीने उत्तर दिलं, "आपली तक्रार पाहिली. आपल्याला गरम होत नाहीये. धन्यवाद."

"माझ्या अंगाची गोष्ट तू मला सांगशील का रे?"

"हो," मुनीम म्हणाला.

चार वाजता तेच उत्तर नवव्या मजल्यावर आलं. टेबलावर दोन कप मांडून सुमेध बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही. विमा विकत असूनही हा माणूस खरं बोलणारा होता. गिऱ्हाइकाला तो बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचून दाखवायचा, त्यामुळे धंदा बेताचा. आपली तक्रार खोटी निघाली याची त्याला लाज वाटली, आणि त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला तो फक्त प्रामाणिक माणसालाच सुचू शकतो. तक्रार खरी केली पाहिजे.

त्याने चहाची किटली झाकण उघडं ठेवून उकळत ठेवली. मुनीमने व्हॉल्व्ह उघडला, गार झोत आला, सुमेधने स्वेटर चढवला. माणूस काही आला नाही. त्याने दुसरी किटली आणली. व्हॉल्व्ह आणखी उघडला, आणि त्याला शिंका सुरू झाल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मुनीमला हरवायचं तर मुनीमच्या थंडीपेक्षा मोठी गरमी हवी.

सीताबर्डीच्या दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"रूम हीटर? आता?"

"हो जी. मोठ्यातला मोठा."

"सिमल्याला चालले का?"

"नाही. नवव्या मजल्यावर."

दुकानदार माळ्यावर चढला आणि धूळ झटकता झटकता वरूनच म्हणाला, "वैनगंगा टॉवर का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आठवडाभर तिथलेच येऊन राहिले. हा शेवटचा पीस आहे. तुमच्याकडे हिवाळा लागला का बाप्पा?"

लागला होता. सोनल टावरींच्या ध्यानात आलं होतं की शोरूममध्ये साडीची इस्त्री सुरू असली की त्यांच्याकडे जास्त गार येतं. इस्त्रीला मुनीम माणूस समजतो, आणि जितक्या इस्त्र्या तितकी माणसं, तितकी थंडी. ही गोष्ट त्यांनी फक्त जाऊबाईंना सांगितली, त्यामुळे चौथ्या दिवशी ती चौदा मजल्यांना ठाऊक होती. बाहेर डांबर वितळत असताना आत टेबलाखाली इस्त्र्या, किटल्या, जुने बल्ब आणि हीटर पेटले होते. प्रत्येकाला वाटायचं, एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्या एका हीटरने काय होतं. त्या विचारापुरतं बरोबरच होतं. चूक फक्त बेरजेत होती.

फरक एवढाच की बाकीच्यांना गार हवं होतं, आणि सुमेधला गार सोडून दुसरं काहीतरी.

त्याने हीटर फायलींच्या कपाटात ठेवला, कपाटाचं दार उघडं टाकलं आणि चार वाजायची वाट पाहत बसला. खोली भट्टी झाली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तरी मुनीम हरला. दारावर टकटक झाली. सुमेधने हीटर बंद करून कपाटाचं दार लोटलं.

प्रांजली आत आली, तिने चारी कोपऱ्यांत पाहिलं.

"इथे अठरा माणसं बसली म्हणून पाठवलं मला. कुठे आहेत?"

"चहा घेणार?" सुमेधने कपाळाचा घाम पुसत विचारलं.

"अठरा कप?"

"दोन."

तिने हवा सोडली. कमरेचा थर्मामीटर काढून कपाटाजवळ धरला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने तो काढला नाही. दोन आठवड्यांत तिलाही धड चहा मिळाला नव्हता. बेअरिंगबद्दल बरंच साचलं होतं, ते तिने सांगून टाकलं.

मेच्या मध्यावर एके दिवशी बर्फ दुपारी दोनलाच संपला. दुसऱ्या दिवशी एकला. त्यानंतर इमारत अशी तापली की तक्रारीसाठी आता कोणाला हीटरची गरज उरली नाही, तरी कोणी तो बंद केला नाही. खरोखरच गरम होऊन राहिलं. कारण विचारलं तर मुनीम एकच सांगायचा, "माणसं वाढली. सध्या इमारतीत साडेपाच हजार."

इमारतीत हजारच्या वर माणूस कधी नव्हता. हे ऐकून प्रत्येकाने आपल्या टेबलाखाली नजर टाकली आणि दुसरं कारण शोधायला सुरुवात केली. ते झाडेसरांनी शोधलं. सर फिजिक्स शिकवायचे आणि इमारतीच्या कमिटीचे अध्यक्षही होते. त्यांनी आठव्या मजल्यावरच्या फळ्यावर आकृती काढून दाखवलं. ग्लायकॉलमध्ये कोणीतरी पाणी घातलं, म्हणून बर्फ कमी गोठतो. त्याच पाण्याने जाणते कण विरळ झाले, म्हणून मुनीम चुकीचं मोजतो. एका कारणाने दोन्ही गोष्टींचा उलगडा. थिअरी चूक होती पण फार सुबक होती, आणि सगळ्यांच्या सोयीची होती. फळा पाहायला आलेल्यांपैकी कोणाच्याही मनात शंका आली नाही.

ग्लायकॉल कोणाच्या ताब्यात? ढोमणे मॅडमच्या. वाचलेलं ग्लायकॉल बाहेर विकलं असणार.

"डेअरीवाल्याची पोर," लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणालं. "हाताला सवय असते."

लिफ्टमध्ये सुमेध होता. त्याचा मजला आला, तो उतरला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रांजली आली ती चहाला बसली नाही. पाना हातातच होता.

"शनिवारी मीटिंग आहे," ती म्हणाली. "मला काढून राहिले. देखभालीला दुसरी पार्टी पाहिली म्हणे झाडेसरांनी."

"तुम्ही नळी दाखवली नाही त्यांना? आकडा?"

"दाखवली. म्हणतात, नळी तुमची, डोळा तुमचा. लॅबमध्ये नमुना पाठवला तर म्हणतात, पाठवायच्या आधी नीट करून ठेवलं असेल." ती थांबली. "काम जाईल त्याचं नाही एवढं. काम कुठेही मिळतं. पण पाणीवाली म्हणून जाणं. बाबांनी दुधात थेंब घातला नाही हो. म्हणून शेजारच्या दोन डेअऱ्या चालल्या आणि आमची बसली. आणि मी पाणीवाली."

सुमेधने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आधारासाठी त्याचा हात मागे गेला, कपाटाच्या पत्र्याला लागला आणि चटका बसला. तो "हो" एवढंच म्हणाला. ती गेली.

शनिवारची मीटिंग तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती. बर्फ सकाळीच संपलेला. लोक आपापल्या धंद्याच्या जाहिरातींच्या कागदांनी वारा घेत होते. झाडेसर फळा घेऊनच आले होते. त्यांची आकृती संपल्यावर त्यांनी विचारलं, "ढोमणे मॅडम, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

प्रांजली उठली. "एकच विचारायचं आहे. मुनीम म्हणतो साडेपाच हजार माणसं. मग लिफ्टसमोर रांग का नाही?"

"तेच तर सांगतोय मॅडम. मुनीम चुकतोय, कारण पाणी."

"पाण्याने कण विरळ झाले तर रंग फिका वाचला जाईल सर. मुनीम माणसं कमी मोजेल. जास्त कशी मोजेल?"

झाडेसरांना गरम होऊ लागलं. हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि दोनशेही आपल्या चपला पाहत होती. प्रत्येकजण दुसरं कोणीतरी बोलण्याची वाट पाहत होता. तेवढ्यात सुमेध वासनिक खुर्चीतून उठला आणि दाराबाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, पळाला. थोड्या वेळाने लिफ्टचं दार वाजलं. तो हीटर कडेवर घेऊन आला, झाडेसरांच्या टेबलावर त्याने तो ठेवला, आणि वायर नीट गुंडाळली.

"हा माझा," तो म्हणाला. "माझ्या खोलीतली अठरा माणसं ती ही. ग्लायकॉल चोख आहे. बर्फ मी वितळवला."

"वासनिक," झाडेसर म्हणाले, "तुम्ही मे महिन्यात स्वेटर घालता. तुम्हाला जास्तीची थंडी कशाला पाहिजे?"

"थंडी नको होती जी."

"मग?"

"खोली फार तापली की मुनीम माणूस पाठवतो. म्हणून."

"कोणता माणूस?"

हॉलमध्ये जाहिराती हलायच्या थांबल्या. मागच्या रांगेतून सोनल टावरी म्हणाल्या, "सर, तुम्ही फिजिक्सच शिकवा."

आधी एकजण हसला, मग सगळा हॉल. प्रांजली हसली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले होते. तिने टेबलावरची आपली नळी उचलली, पिशवीत टाकली आणि कोणाकडेही न पाहता तळघराचा जिना उतरली.

हसून झालं की माणसाला खरं बोलणं सोपं जातं. सोनल टावरी उठल्या आणि तीन इस्त्र्या घेऊन आल्या. त्यानंतर रीघ लागली. किटल्या आल्या, बल्ब आले, पाव भाजायची यंत्रं आली. एका वकिलाने अंडी उबवायची पेटी आणली, ती कुठून मिळाली हे त्याने सांगितलं नाही. सगळ्यात शेवटी झाडेसर वर जाऊन आले आणि दोन हीटर हळूच ढिगाच्या मागच्या बाजूला ठेवायला लागले. त्यांना तसं करताना सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी मुनीमने जाहीर केलं, "इमारतीतून साडेचार हजार माणसं निघून गेली. कारण समजलं नाही."

दुसरी पार्टी परत पाठवली. प्रांजलीला राहण्याची विनंती झाली, ती झाडेसरांनाच करावी लागली. तिने दोन अटी घातल्या. एक, मुनीमने आपली माणसं लिफ्टच्या मोजणीशी ताडून पाहावीत.

"दुसरी?"

"भिंतीवरच्या चाव्या परत लावा."

"वायर टाकून ना? आता जमेल तसं."

"नको. वायर नको."

सोमवारी चार वाजता नवव्या मजल्यावर गरम होत नव्हतं. सुमेधने तक्रार केली नाही. मुनीमकडे माणूस पाठवायला कारण नव्हतं, आणि प्रांजलीकडे असलं तरी ती आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पुढच्या सोमवारी सुमेधने चहा थर्मासमध्ये भरला, हाफ स्वेटरवर फुल स्वेटर घातला, कानटोपी घातली, आणि बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री असताना तो तळघरात उतरला.

टाक्यांच्या मधल्या बोळात थंडी दाटून बसली होती. प्रांजली पंपाशेजारी स्टुलावर होती.

"इथे काय काम?"

"तक्रार आहे."

"गरम होऊन राहिलं?"

"नाही. गार." त्याचे दात वाजत होते.

तिने त्याला स्टूल दिलं नाही. "लिफ्टमध्ये मला डेअरीवाल्याची पोर म्हणाले तेव्हा तुम्ही होते ना तिथे?"

"होतो."

"आणि मीटिंगचं सांगायला मी वर आले, तेव्हा तो हीटर कपाटात होता."

"होता. चटका बसला." त्याने बोट दाखवलं. "आधी बोलायला पाहिजे होतं. बोललो असतो तर तुमचं वर येणं थांबलं असतं, म्हणून गप्प बसलो. हे काही कारण नाही. पण खरं तेच आहे."

पंप चालू होता. सुमेधने त्याच्याकडे कान लावला.

"बेअरिंग सुधारलं," सुमेध म्हणाला.

"बदललं. तुमच्या लक्षात आलं?"

"दोन वर्षं तेच तर ऐकतोय."

तिने ओठ आवळले, पण ते नीट आवळले गेले नाहीत. "एक सांगू? ती भिंतीवरची चावी. तिला वायर नव्हती. तुमच्याकडे येऊन मी नुसती फिरवत होते."

"ठाऊक होतं. एकदा पुसायला म्हणून काढली, तर मागे पाल बसलेली."

"कधी?"

"पहिल्याच उन्हाळ्यात."

"मग दोन वर्षं फिरवू का दिली मला?"

"तुम्ही का फिरवत होत्या? तुमच्या कमरेला तर थर्मामीटर असतो."

प्रांजली उठली. तिने एका छोट्या नळाखाली बोट धरलं, थेंब काचेवर ठेवला आणि नळी त्याच्या हातात दिली. "आज सोमवार आहे. डोळा लावा. दिव्याकडे धरा. निळं कुठे संपतं?"

सुमेधने कानटोपी वर सरकवली, एक डोळा मिटला, नंतर चुकीचा मिटला म्हणून दुसरा मिटला. "पंचवीसवर."

"पाणी आहे का त्यात?"

"जेवढं असायला पाहिजे तेवढंच."

तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि स्वतःसाठी रिकामा ड्रम उपडा केला. त्याने थर्मासचं झाकण अजून उघडलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या फोनवर मुनीम बोलला. "तळघर. माणसं दोन, लिफ्टशी ताडून पाहिली. पण उष्णता दोघांच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त आहे. पंप वजा केला. दुसरं उपकरण कोणतंही सुरू नाही. कारण सापडत नाही. दोष म्हणून नोंदवू का?"

प्रांजलीने सुमेधकडे पाहिलं. तो थर्मासच्या झाकणाशी झटत होता, आणि त्याचे दात आता वाजत नव्हते.

"दोष नाही," तिने फोनला सांगितलं, आणि कप पुढे केला.